फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ

पत्र

ताई,

मी 36 वर्षांची. परळला राहते, मुलुंडच्या एका शाळेत पाचवीला शिकवते. मागच्या गणपतीआधी पार्लरमध्ये केस कापायला बसले होते. पार्लरवालीने मागचे केस उचलले, कात्री थांबवली आणि म्हणाली, "ताई, इथे चाई पडलीय. माहितीय ना?" तेव्हा केस गेलेली ती जागा रुपयाएवढी होती. आता तीन आहेत आणि मागची पुरीएवढी झालीय. स्किनच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला इंजेक्शनं घेते. थोडी लव आली, तोवर शेजारी नवीन चाई.

वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिणं मी बंद केलंय. तिरकी उभी राहून लिहिते, अक्षर वाकडं येतं. लोकलमध्ये जागा मिळाली तरी बसत नाही, कारण बसलं की उभ्या बायकांना वरून सगळं दिसतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाकडे गेले नाही. सासूबाई मायेने रोज रात्री कांद्याचा रस चोळतात. एका मुलाने विचारलं, "बाई, तुम्हाला कांदाभजीचा वास का येतो?" नणंदेने माहेरी आल्यावर स्वतःचा कंगवा उचलून वर ठेवला. नवरा म्हणतो, "केसच आहेत ना, कॅन्सर तर नाही झाला?" मी रोज टाटा हॉस्पिटलच्या फूटपाथवरून जाते. तिथे केस गेलेली लहान लहान पोरं दिसतात आणि मला माझीच लाज वाटते.

एकदा म्हटलं, सगळेच केस बारीक करून टाकते. सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "सवाष्णीनं असलं बोलू नये." बाकी सगळे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस, टेन्शननेच जातात. कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये. जूनमध्ये शाळा उघडेल. केस येईपर्यंत बिनपगारी रजा घ्यायचं ठरवतेय. अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय. बरोबर करतेय ना?

— एक शिक्षिका

ता. क. माझी सात वर्षांची मुलगी रोज विचारते, "आई, तुझी वेणी घालू?" मी डोकं दुखतंय सांगते.

उत्तर

बाई,

(तुझे विद्यार्थी म्हणतात तेच म्हणते. नाव तू लिहिलं नाहीस.)

अर्ज देऊ नकोस.

'केस येईपर्यंत' म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत? अर्जात तो रकाना कसा भरणार आहेस? चाईची तारीख तुझे डॉक्टरही देऊ शकत नाहीत, आणि तसं का ते नीट कळलं तर रजेचा विचार तुझा तुलाच पटेनासा होईल. या आजारात शरीराच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या पेशी वाढत्या केसाच्या मुळालाच परकं समजून त्यावर चाल करतात. केस गळतो, पण मूळ मरत नाही, नुसतं गप्प बसतं. त्यामुळे केस सहा महिन्यांनीही परत येऊ शकतात, काही वर्षांनीही. आलेले पुन्हा जाऊही शकतात. तुझ्यासारखे मोजके चट्टे असलेल्या अनेकांचे केस वर्षभरात आपले आपण येतात, आधी मऊ, पुष्कळदा पांढरे, मग हळूहळू काळे. तुला लव आली म्हणजे तिथलं मूळ जागं आहे. शेजारी नवी चाई पडली ती त्याच आजाराची रीत आहे, तुझं काही चुकलेलं नाही. असल्या बेभरवशाच्या पाहुण्यासाठी घर बंद करून बसायचं ठरवलंस तर किती दिवस बसशील? आणि घरात करायला काय असेल? आरसा.

दिवसातून किती वेळा फोन डोक्यामागे धरून फोटो काढतेस ते तू लिहिलेलं नाहीस. पण काढतेस. ही पत्रं वाचून वाचून मला एवढं कळायला लागलंय. मागचा चट्टा स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून तो मनात आहे त्यापेक्षा मोठा होत जातो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सकाळच्या आणि संध्याकाळच्या फोटोत काय फरक दिसणार? महिन्यातून एक फोटो पुरे. पहिल्या रविवारी, त्याच खिडकीपाशी, उजेडात, आणि तो नवऱ्याने काढायचा. बाकीचे आजच डिलीट कर. डॉक्टरांनी लावायला औषध दिलं असेल तर मागच्या चट्ट्याला ते त्यानेच लावायचं. 'केसच आहेत ना' म्हणणाऱ्या माणसाला त्या जागेवर रोज दोन मिनिटं बोट फिरवायला लावलं की बोलणं आपोआप बदलतं. तो वाईट नाही गं. घाबरलाय, आणि आपले पुरुष घाबरले की हिशेब मांडतात. यापेक्षा मोठं काय काय झालं असतं आणि ते कसं झालं नाही, याचा.

त्या हिशेबाबद्दल थोडं. टाटाच्या फूटपाथवरून जाताना तुला लाज वाटते. कीमो घेतलेल्या बायकांशी मी बरंच बोललेय. कित्येकींनी सांगितलं की गाठ आहे कळलं तेव्हा त्या खंबीर होत्या, फायली सांभाळत होत्या, पैशांची जुळवाजुळव करत होत्या. आणि एका सकाळी उशीवर केसांचा पुंजका दिसला तेव्हा पहिल्यांदा हंबरडा फोडला. त्यांना केस जाणं क्षुल्लक वाटलं नाही, तर तुला का वाटावं? शिवाय कीमोचे केस बहुतेकदा औषध थांबल्यावर काही महिन्यांत यायला लागतात, म्हणजे वाट बघण्याला काही अदमास असतो. तुझ्याकडे तोही नाही. त्या फूटपाथवरच्या पोरांसाठी जीव तुटत असेल तर तुटू दे. त्यांच्या नावाने स्वतःचं रडू मात्र कोंडू नकोस.

आता सासूबाईंचा हात.

तुझ्या पत्रातली ती ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला. माझ्या लहानपणी गिरगावात आमच्याकडे आजीची एक आत्या राहायची. लाल अलवण, डोक्यावरून घट्ट पदर. मी चार-पाच वर्षांची असताना एकदा तिच्या मांडीवर चढून पदराच्या आत हात घातला. हाताला खुंट लागले, दाढी न केलेल्या गालासारखे. तिने माझा हात काढला नाही. तसाच धरून ठेवला, आणि आईने मात्र मला खस्सकन ओढून बाजूला केलं. बऱ्याच वर्षांनी कळलं की ती अकराव्या वर्षी विधवा झाली होती आणि त्यानंतर दर काही दिवसांनी घरी न्हावी यायचा.

आपल्या भाषेत 'बोडकी' ही शिवी आहे. पुरुषाला टकल्या म्हणतात, हसतात, सोडून देतात. बाईचं डोकं उघडं पडलं की तिचं कपाळ उघडं पडल्यासारखं वाटतं. हा नुसता शब्दांचा खेळ नाही, पिढ्यान्पिढ्या बायकांच्या डोक्यांवरून खरोखरीचा वस्तरा फिरलाय. तुझ्या सासूबाईंनी तुझ्या तोंडावर हात ठेवला तो तुला गप्प करायला नव्हे. त्यांना वाटलं, तू त्यांच्या मुलाचं मरण बोललीस. बोलून दाखवता येणार नाही अशी ती भीती आहे, म्हणून हात पुढे आला.

त्यांना एक गोष्ट सांग, परळच्या माणसाला आवडेल अशी आहे. 1890 साली याच मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांच्या डोक्यांवर आम्ही वस्तरा चालवणार नाही. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, गिरणी कामगारांचे पुढारी. तुम्ही राहता त्या भागातल्या गिरण्यांमधल्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे तेच. ज्यांची त्या कामावर रोजीरोटी होती त्यांनी हात आखडता घेतला, कारण ते केस बाईला न विचारता काढले जात होते. तू कापायचे म्हणतेस ते तुझ्या मर्जीने, तुझ्या हातात आरसा असताना. यात फरक आहे, आणि सासूबाईंना तो कळणार नाही असं समजू नकोस. बारीक कर असा माझा आग्रह नाही. काहींना त्याने मोकळं वाटतं, काहींना आणखी उघडं वाटतं. खांद्यापर्यंत कापून बघ, मग ठरव. पण पुढच्या वेळी हा विषय काढशील तेव्हा आधी त्यांचा हात हातात घे.

कांद्याचा रस बंद कर म्हटलंस तर त्या दुखावतील. कांद्यावर एक लहानसा प्रयोग झालेला आहे आणि त्यात काहींना फायदा दिसला होता, तेव्हा सासूबाईंना अगदीच वेडगळ ठरवू नकोस. पण इंजेक्शन घेतलेल्या नाजूक कातडीवर रोज तिखट रस म्हणजे जळजळ आणि पुरळ. डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर 'आता कांदा नको' असं म्हणायला लाव. मग रात्रीच्या त्या दहा मिनिटांत त्यांनी साधं खोबरेल लावू दे, चट्टे सोडून. त्यांना हात फिरवायचा आहे. कांदा हे निमित्त.

नणंदेचा कंगवा. चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. ना कंगव्याने, ना उशीने, ना टॉवेलने. (डोक्याला बुरशी होते, मुलांना जास्त, ती लागते आणि तिथेही केस जातात. हे दोन आजार एकच समजले जातात, त्यातून हा घोळ.) भीती कशी पसरते ते आपण जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्यात पाहिलं. शेगाव तालुक्यातल्या गावांत काही दिवसांत लोकांचे केस झडू लागले आणि बातम्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' नाव देऊनही टाकलं. पुढे तपासण्यांत त्या लोकांच्या शरीरात सेलेनियम जास्त असल्याचं समोर आलं. पण तोवर त्या गावांशी सोयरिक जुळवायला लोक कचरू लागले होते. तुझी नणंद त्यामानाने फारच सौम्य. तिला फोन करून सरळ सांग, "कंगवा खाली ठेव, लागत नाही." खजील होईल, मग फणसाचे गरे पाठवेल.

आणि ते टेन्शन! या एका शब्दाने मला संताप येतो. आधी केस जातात, मग माणूस काळजी करतो, मग लोक सांगतात की बघ, काळजी केलीस म्हणून गेले. म्हणजे आजारही तुझा आणि गुन्हाही तुझाच. मोठं आजारपण, डेंग्यू, बाळंतपण यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्याचे केस पुंजक्याने गळतात, मोठ्या मानसिक धक्क्यानंतरही गळतात. ती गोष्ट वेगळी, आणि ते केस बहुतेक वेळा भरून येतात. चाईत ताणाचा वाटा किती यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. ताण नाही अशा तान्ह्या-शाळकरी मुलांनाही चाई पडते. पुढच्या वेळी कुणी "टेन्शन घेऊ नकोस" म्हणालं तर म्हण, "बरं, मग आज डबा तुम्ही करता का?" बघ किती जण उत्तर देतात.

आता शाळा. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल.

तुझ्या पत्रात चट्ट्यांची मापं आहेत, इंजेक्शनं आहेत, पण मला जिव्हारी लागलं ते वाकडं अक्षर. मराठी शाळेतल्या बाईचं फळ्यावरचं अक्षर! ते चाईने नेलं नाही. ते लपवण्यात गेलं. लोकलमधली जागा, हळदीकुंकू, लेकीची वेणी, सगळं लपवण्यातच गेलं. चाईने घेतलेलं मोजलं तर तीन चट्टे भरतील. त्या तीन चट्ट्यांसाठी तू किती काय सोडून दिलंस, आणि आता वर्गही सोडायला निघालीस.

शाळा उघडण्याआधी मुख्याध्यापिकांना भेट, पाच मिनिटं. परवानगी मागायची नाही, कानावर घालायचं. मग पहिल्या दिवशी हजेरी झाली की मुलांना सांग. असं काहीसं: "माझ्या डोक्यावर तीन ठिकाणी केस नाहीत. त्याला चाई म्हणतात. आपल्या शरीरात आजारांशी लढणारे शिपाई असतात ना, त्यांनी चुकून केसांनाच शत्रू समजलं. दुखत नाही. तुम्हाला लागणार नाही. केस येतील का ते मलाही माहीत नाही. काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा." दहा वर्षांची मुलं आहेत, विचारतीलच. कुणीतरी "हात लावू का?" म्हणेल. कुणीतरी आपल्या मामाच्या टकलाची हकिकत सांगेल आणि वर्ग हसेल. हसू दे, तूही हस. मग फळ्याकडे वळ. पूर्ण वळ. तारीख, वार, पट, हजर, सुविचार. सावकाश, वळणदार. मागे कुजबुज होईल, तुझी मान ताठरेल. पहिल्या दिवशी हात थरथरेल, आठवड्याने नाही थरथरणार. एखादं पोर चिडवेलच, तर शुद्धलेखन चुकल्यावर जसं सांगतेस तसंच त्याला सांग.

आणखी एक. ही चाई शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी होते आणि अनेकांना लहानपणी किंवा तरुणपणीच होते. म्हणजे पन्नासांच्या वर्गातल्या एखाद्या पोराला ती गाठायची शक्यता आहेच. त्या पोराने याआधी एखादं मोठं माणूस चाई असून बिनधास्त फळ्यावर लिहिताना पाहिलेलं असेल तर बरं.

रोज सगळ्यांना दाखवत फिर असं मी म्हणत नाहीये. झाकणं हा काही गुन्हा नाही. दादरला हवे तितके सुती स्कार्फ मिळतात. मुंबईच्या दमटात पूर्ण विग आठ तास घालणं म्हणजे डोक्यावर इडलीपात्र. तुला त्याची गरजही नाही. क्लिपचा टॉपर, म्हणजे वरून लावायचा केसांचा छोटा तुकडा, चालेल, पण क्लिप चट्ट्याच्या कडेच्या केसांना लावू नकोस, ओढ बसते. केसांवर भुरभुरायची फायबर पावडर मिळते, ती केसालाच चिकटते, मोकळ्या कातडीवर ठरत नाही, आणि जुलैत तर कॉलरवर येईल. लग्नकार्याला, फोटोला झाक. वाटलं तर रोज झाक. मात्र वारा आला, कुणी मागे उभं राहिलं तरी छातीत धस्स होत असेल तर समजून जा की ते झाकणं आता तुला सुख देत नाहीये.

एका बस कंडक्टरची भुवयांसकट मिशी गेली होती. तो मला म्हणाला, "बाई, डोक्यावर टोपी घालता येते हो, मिशीवर काय घालू?" दोन वर्षं त्याने सुट्ट्या पैशांसाठी कुणाशी वाद घातला नाही, कारण वाद घातला की लोक तोंडाकडे बघतात. तेव्हा हे फक्त बायकांचं नाही. पण ते पत्र वेगळं, त्याचं उत्तर वेगळं.

'सकाळी उठूच नये' असं वाटतं, हे तू ओझरतं लिहिलंस. मी ओझरतं वाचलेलं नाही. म्हणजे नुसता कंटाळा, की जगणंच नको? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? येत असेल, तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी नवऱ्याला उठवून सांग आणि 14416 वर फोन लाव. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. तसं नसेल, पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडलीय, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेट. केईएम हॉस्पिटल तुझ्या घराजवळच आहे. त्वचा विभाग आणि मानसोपचार विभाग, दोन्ही ओपीडी तिथे आहेत. चाई असलेल्यांना नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त गाठतात हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. तिथे कुणी तुला "केसच आहेत ना" म्हणणार नाही.

तुझ्या स्किनच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचार. थायरॉइड तपासलं का? चाईबरोबर त्याचा त्रास असू शकतो. आणि चट्टे वाढतच राहिले तर पुढे काय? 2022 पासून बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्यांना परदेशात मोठ्या प्रमाणावरच्या चाईसाठी मान्यता मिळालीय. इथेही डॉक्टर त्या गटातली औषधं वापरतात, पण त्याआधी रक्ताच्या आणि टीबीच्या तपासण्या लागतात आणि औषध थांबवलं की केस पुन्हा जाऊ शकतात. तीन चट्ट्यांसाठी बहुधा इंजेक्शनंच पुरेशी ठरतील. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी गोळीचा फोटो पाठवला म्हणून दुकानातून आणू नकोस.

अर्ज पर्समधून काढ. मागची बाजू कोरी असेल, तिच्यावर मुलांना काय सांगायचं ते तुझ्या शब्दांत लिहून बघ.

ता. क. तुझं डोकं दुखत नाही हे तुझ्या लेकीला ठाऊक आहे. सात वर्षांची मुलं आईचं खोटं फार लवकर ओळखतात, कारण मात्र स्वतःच्या मनानं लावतात, आणि बहुतेकदा 'आई माझ्यावर रागावलीय' असंच लावतात. आज संध्याकाळी तिच्यापुढे बस आणि केस सोड. चट्टा दिसेल, विचारेल, सांग. मग वेणी घालू दे, कशीही येऊ दे. इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर मात्र त्या जागी दोन दिवस ओढू नको म्हणावं.

— ताई